करवंटीचा हात

पत्रकं वाचतच मी वाढलो. ठाण्याच्या आमच्या घरी पोथ्यांपेक्षा पत्रकांचा गठ्ठा मोठा. मिसरूड फुटायच्या आतच मी स्वतः लिहू लागलो: देहाने कोणी हलका ठरत नाही, लंगड्या-थोट्याला अपशकुनी म्हणणारा समाजच पांगळा आहे. असंच एक पत्रक छापताना शिळाछापाचा दगड निसटला आणि माझ्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. त्या दिवसापासून माझा उजवा हात उपरण्याखाली असे.

पुढच्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, कल्याणच्या एका घराण्यात. ती बारा वर्षांची होती, आणि बालविवाहाविरुद्ध मी कितीतरी पानं खरडली होती. वडिलांपुढे माझं काही चाललं नाही. हे लिहितानाही मान खाली जाते.

तिने माझ्याकडे एकच मागितलं. लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालण्याचा मान भावाचा. तो मीच घ्यायचा. वडिलांनी मात्र चुलतभावाला आधीच सांगून ठेवलं होतं. "होमात डावा हात चालत नाही," ते म्हणाले, "आणि उजव्यात तुझ्या आहे काय?"

मी सुताराकडे गेलो. पांगाऱ्याचं हलकं लाकूड निवडलं आणि त्याला बजावलं, बोटं बोटांसारखी दिसली पाहिजेत, नखंसुद्धा. त्याने सुरेख हात कोरून दिला. परसदारी बहिणीने माझ्या त्या हातात मूठभर लाह्या ओतल्या. सगळ्या खाली.

"दादा, हा हात मिरवायचाय की ह्याने काही उचलायचंय?"

"थोटेपणा लोकांना दिसता कामा नये."

"म्हणजे माझ्या लाह्या नाहीतच!"

मग तीच कामाला लागली. माझ्या अंगठ्यासमोर कधी पळीचा दांडा धर, कधी लाटणं, कधी भोवरा. "अंगठ्यात जोर आहे रे. त्याला टेकायला समोर काहीतरी हवं." शेवटी तिने नारळाची करवंटी आणली. ती माझ्या तळव्याच्या मापाने फोडून घेतली, कडा दगडावर घासून मऊ केल्या, तापल्या सळईने भोकं पाडली. व्रणाला खुपू लागली तेव्हा आतून कापसाची गादी दिली. अंगठा करवंटीच्या काठावर दाबला की लाह्या जागच्या हलत नव्हत्या. बोरूसुद्धा धरता आला.

बांधायला सुताराने चामड्याची वादी दिली होती. होमाजवळ चामडं कसं चालायचं? मी लगेच सरसावलो, "देवापुढच्या मृदंगाला चामडं चालतं, मग..."

"भांडण कल्याणच्या लोकांशी कर. मला लाह्या हव्यात," असं म्हणून तिने वडिलांच्या पूजेच्या सोवळ्याची, जीर्ण मुकट्याची रेशमी कड फाडली आणि तिचे बंद केले.

लग्नाच्या दिवशी होम पेटला. बहीण ओंजळ पुढे करून उभी राहिली. मी उपरण्यातून हात बाहेर काढला, तोच वराचे काका कडाडले, "हे काय? वधूचा भाऊ करवंटी घेऊन उभा? लाह्या घालायला आलात की भीक मागायला?"

मांडवात हशा पिकला. माझ्याजवळ उत्तर होतं. छापील उत्तर होतं! पण हात आपोआप उपरण्यात गेला. वडील माझ्याकडे बघेनात. चुलतभाऊ पुढे झाला.

बहिणीने ओंजळ मिटली.

"अगं, हात उघड," भटजी म्हणाले. ती जागची हलली नाही. नवरीने मांडवात तोंड उघडायचं नसतं. ती स्पष्ट म्हणाली, "दादा, लाह्या."

स्त्रियांच्या मुक्या जिभेवर मी लेख लिहिले होते. आणि त्या मांडवात मुका होतो मी.

मी हात काढला. अर्ध्या लाह्या धुरात सांडल्या, अर्ध्या तिच्या ओंजळीत पडल्या. पुढे रीतीप्रमाणे नवऱ्याचा कान पिळायची वेळ आली. त्या पोराने कान पुढे केला. अंगठा आणि करवंटी यांत तो असा सापडला, की "आई गं!" म्हणून ते ओरडलं. "आता तुझ्या बहिणीला जपेल हो!" कोणीतरी बायकांतून म्हणालं आणि सगळे पुन्हा हसले, पण ह्या हसण्यात डंख नव्हता. बहीणही हसली.

मला हसता आलं नाही. पंगत बसायच्या आत मी मागल्या दारी जाऊन दातांनी बंद सोडले आणि करवंटी कोनाड्यात लपवली. वऱ्हाड निघताना बहीण पाया पडली. तिने आधी उपरण्याखालच्या माझ्या हाताकडे पाहिलं.

आज हे लिहितो आहे तो बोरू त्याच करवंटीत धरलेला आहे. अपंगांच्या मानाविषयी माझं नवं पत्रक उद्या छापायला जाईल. आत्ता दारात कोणाची तरी चाहूल लागली, आणि माझ्या नकळत मी हातावर उपरणं ओढलं.