तिवरावरची लाल पिशवी

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत पर्यावरण मंडळावर एक पान आहे. खाडीच्या सफाईच्या वेळी सातवीतली एक मुलगी शिक्षकांचं न ऐकता चिखलात गेली आणि शिक्षकांनी जीव धोक्यात घालून तिला वाचवलं, असं त्यात लिहिलं आहे. तो शिक्षक मी. तिला चिखलात मीच पाठवलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळा तळवलीजवळ, खाडी चालत जाण्याइतकी जवळ. हरित शाळांच्या स्पर्धेसाठी मी मुलांना खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करायला नेलं. मी साताऱ्याकडचा. पूर म्हणजे वरून गर्जत येणारं पाणी, एवढंच मला ठाऊक. भरतीची वेळ कुणाला विचारावी, हे डोक्यातही आलं नाही.

"सर, आई घरात झाडू मारायला सांगते तर मी पळतो, आणि इथं खाडी झाडतोय!" एकजण म्हणाला. सगळे हसले.

गोण्या भरत आल्या. आता फोटो काढायचा, तर मागे लांब एका तिवरावर लाल पिशवी फडफडत होती. फोटोत ती नक्की दिसली असती. बाकीची मुलं गोण्यांची तोंडं बांधण्यात दंग होती. ती मुलगी माझ्याजवळ उभी होती.

"तू हलकी आहेस. तेवढी घेऊन ये."

"सर, तिकडे पाय रुततोय."

"काही होत नाही. पळ."

पिशवी काढून ती वळली, तोवर मांडीपर्यंत खाली गेली होती. तेवढ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारी एक बाई बांधावरून ओरडली, "ओ मास्तर, भरती लागली हाय! पोरांना वर घ्या!"

मी खाली पाहिलं. मुळांमधून पाणी वर येत होतं. लाट नाही, आवाज नाही. माझे घोटे बुडाले होते आणि मला कळलंच नव्हतं. बाकीच्यांना बांधावर पिटाळलं. भरलेल्या गोण्या तिच्या दिशेने टाकत, त्यांवर पोटाने सरपटत मी पुढे गेलो. ती रडत नव्हती. नुसतं "सर, सर" म्हणत होती. तिच्या काखेत हात घालून ओढलं, तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं.

"ही तिथं गेली कशी?" शाळेत परतल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं.

नोकरी, पोलीस, सगळं डोळ्यांपुढे आलं. "न विचारता गेली," मी म्हणालो.

तिचे वडील मार्केटात हमाल होते. त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "गुरुजींचं ऐकायला काय धाड भरली हुती गं तुला?" आणि वाकून माझ्या पाया पडले.

त्यानंतर हजेरी घेताना तिचं नाव जवळ आलं की मी वहीतून मान वर करायचो नाही. ती आज बोलेल, उद्या बोलेल. काही दिवसांनी मधल्या सुट्टीत ती एकटीच शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. संपलं, असं मला वाटलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"शहाणी आहेस," मी म्हणालो. "जा वर्गात."