इनलँडची आतली घडी

देवबागेत आमच्या घराच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. दुपारी दोन्ही दारं उघडी असली की पाण्यावरचा उजेड घरातून आरपार हलत जातो आणि भिंतीसुद्धा जागेवर नाहीत असं वाटतं. बेळगावच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन परत आले तेव्हा पहिले काही महिने मी त्या उजेडातच बसून काढले. कोणाशी फारसं बोलत नसे. एक वही होती, तिच्यात लिहीत असे. ती लपवावी लागत नव्हती. इंग्रजीत असल्यामुळे उघडी पडली तरी ती बंदच होती.

वाडीत बाकी कुणाचं काही बंद नव्हतं. पोस्टमन माडांच्या सावल्यांतून वाळू तुडवत यायचा तो कार्डं वाचतच. घर यायच्या आधी त्याच्या ओरडण्यानेच मजकूर पोचलेला असायचा. “गो आवशी, झील चवथीक येता! सुट्टी मेळाली!” एकदा धीर करून मी त्याला विचारलं, दुसऱ्याची पत्रं वाचणं बरं का? त्याला माझं हसूच आलं.

“बाय, सरकारान कार्ड उघडा धाडल्यान, मग मी काय डोळे मिटून चलू? बंद कागद वेगळो. तो फोडलंय तर माका खडी फोडूक धाडतले. कायदो आसा.”

कायदा त्याच्या पिशवीपुरता होता. बंद पत्र घरात आलं की ते अंगणातच उघडायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं, अशी रीत. कोणी पत्र घेऊन आत गेलं तर बाहेर लगेच कुजबुज सुरू व्हायची. निळी इनलँडं, कागदच दुमडून चिकटवायची पत्रं, तेव्हा आमच्याकडे नुकतीच दिसायला लागली होती. वाचून झाली की ती वाशाला टांगलेल्या तारेत टोचून ठेवत, येणाऱ्याजाणाऱ्याने पुन्हा वाचावीत म्हणून.

शेजारच्या काकींचा मुलगा बोटीवर होता. लग्नानंतर महिन्याभरात तो गेला होता. त्याची बायको माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी, उंच, अबोल. तिला वाचता येत नव्हतं, काकींनाही नाही, म्हणून त्यांची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं.

त्या दिवशी कोचीनहून इनलँड आलं. अंगणात सहा-सात बायका जमल्या. काकी पाटावर, सून दाराच्या चौकटीशी. मी वाचत गेले: खुशाली, बंदरं, जेवणाची तक्रार. मग इनलँड बंद करताना जी चिंचोळी पट्टी आत दुमडतात, ती उलगडली. तिच्यावर बारीक अक्षरात होतं की ही घडी फक्त तिच्यासाठी आहे, वाचणाऱ्याने तिला एकटीलाच वाचून दाखवावी. खाली तीन ओळी. त्या माझ्या डोळ्यांनी वाचूनसुद्धा झाल्या होत्या. अजून पाठ आहेत. इथे लिहिणार नाही.

“आनी काय लिवल्यान हा?” काकी म्हणाल्या.

काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “आपल्या आंब्याला यंदा मोहोर किती आलाय, ते कळवा, असं लिहिलंय.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“आंबो? आमचो?” काकींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “गो चेडवा, आमच्या भाटात माडाशिवाय काय आसा?”

“बोटीर रवान इसारलो असतलो गो!” एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. “उद्या म्हणात, हत्ती कसो आसा!”

काकी हसल्या नाहीत. “माझो झील घर इसारणारो न्हय. तेका बरा नाय, आनी ह्या चेडू तां माझ्यापासून लपयता. फाल्यां कागद मास्तराकडे नेतंय.” त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि तारेत टोचलं.

मास्तर पत्रं वाचायचे दुकानाच्या पडवीत, खणखणीत आवाजात, शाळेत कविता म्हणावी तशी. मी चौकटीकडे पाहिलं. सून माझ्याकडेच पाहत होती. पट्टी उलगडताना मी थांबले होते, ते तिला कळलं होतं.

दुपारी ओहोटीला ती खाडीवर आली. मी पाण्याच्या कडेला बसले होते. ओल्या वाळूवर आभाळ पसरलं होतं, आणि ती त्याच्यावरून चालत आल्यासारखी आली. कमरेला तिसऱ्यांची, शिंपल्यांची टोपली. “माझा काय लिवल्यान हा?” तिने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

“नको. तुझ्या तोंडान ऐकलंय तर तां अर्धा तुझा जातला. खंय लिवल्यान, तेवढाच सांग.”

ते अर्धं आधीच माझं झालं होतं, हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही. मी वहीचं एक पान दुमडून तिला ती पट्टी कुठली ते दाखवलं. तिने ती घडी बोटाने उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाली, “माका अक्षरां शिकव.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पत्र वाचलं. खुशाली, बंदरं, जेवण. पट्टी फाटून नाहीशी झाली होती, पण इनलँड उघडताना ती फाटतेच, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आंब्याचा उल्लेखही कुठे निघाला नाही. काकींचा जीव भांड्यात पडला आणि राग माझ्यावर निघाला. “इंग्रजी शाळेत शिकली, तिका मराठी वाचूक येणा नाय! माझ्या झिलाक मी उगीच दुखणेकरी केलंय!” विहिरीवर बायका महिनाभर मला मोहोराबद्दल विचारत होत्या. आईसुद्धा म्हणाली, येत नव्हतं तर सांगायचं होतंस. मी मान खाली घालून ऐकलं. त्यानंतर माझ्याकडे कुणी पत्र आणलं नाही.

आमची शाळा ओहोटीची होती. रोज वेगळ्या वेळी भरायची. तिसऱ्या काढता काढता ती बोटाने वाळूत अक्षर काढायची आणि विचारायची, ह्या काय? बाराखडीच्या क्रमाने शिकायला तिने नकार दिला. ती घरून एकेक अक्षर डोळ्यांत भरून आणायची. पट्टी तिने मला कधी दाखवली नाही. पण त्या ओळी मला पाठ होत्या, त्यामुळे ती कुठल्या शब्दापाशी आली आहे ते मला कळायचं. मी न कळल्यासारखं करून अक्षर सांगायची आणि लांब, गलबतांकडे पाहायची. भरती सगळं पुसून न्यायची. एका संध्याकाळी तिने दोन अक्षरं काढली, काही न विचारता त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाणी यायची वाट न बघता पायानेच पुसली. तिचे कान लाल झाले होते. त्या दिवशी ती मोकळी टोपली घेऊन घरी गेली.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी ती आमच्या ओट्यावर आली. हातात इनलँड होतं, भाताच्या शितांनी चारी बाजूंनी चिकटवलेलं. बोटीच्या कंपनीचा पत्ता इंग्रजीत लागायचा, तेवढ्यासाठी आली होती. मी पत्ता लिहिला. कागद अजून ओलसर होता. अंगठ्याखाली एक शीत लागलं, आणि कडा जराशी सुटली.

काकी कुंपणाशी उभ्या होत्या. “कागद? कोणी लिवल्यान? ह्या चेडवान?”

“मी,” ती म्हणाली.

“तू?” काकी बघतच राहिल्या. “आनी काय लिवलंस?”

“खुशाली.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं.

मी कडा दाबून बसवली आणि पत्र तिला परत दिलं. तिने मला तरी सांगावं, असं त्या क्षणी इतकं वाटलं की मी उठून आत जाता जाता दोनदा थांबले. तिने पत्र पदराखाली घेतलं, माझ्याकडे पाहून जरा हसली, आणि काही न सांगता पोस्टाच्या वाटेला लागली.