बिनदोष नग

वेल्क्रो चरचरत सुटलं की मला आनंद नगरातलं आमचं स्वयंपाकघर, फोडणीचा ठसका आणि दंडाला पट्टा बांधून बसलेले बाबा आठवतात. कारखान्यात मापयंत्रं तपासण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे कुठल्याच यंत्रावर त्यांचा विश्वास नसे. मी आणलेल्या बीपी मशीनने जास्त आकडा दाखवताच त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "खोटं बोलतंय हे. आधी बिनदोष नगावर लावून बघायचं." असा नग घरात एकच होता. आईने कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतलेली नव्हती. पोहे परतता परतताच तिने डावा हात पुढे केला. आकडा बाबांपेक्षाही वर गेला. "बघितलंस? मशीनच बिघडलेलं!" बाबा जिंकल्यासारखे हसले. आईही हसली, आणि मी मशीन दुकानात परत करून आलो. काही वर्षांनी जिना चढताना आईला धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बीपी सालों से बढ़ा हुआ है, ज़ोर लगा-लगाकर दिल की दीवार मोटी हो गई है." आता आई गोळ्या घेते आणि रोज सकाळी बाबाच तिला पट्टा बांधतात. आकडा चांगला आला, की त्यांचा चेहरा पडतो. "थांब," ते म्हणतात, "परत एकदा लावू."