गाण्यांचे डॉक्युमेंट कंट्रोलर

"रिव्हिजन कोणती?"

काकांच्या हातात कसलाही कागद द्या, कपाळावरचा चष्मा नाकावर उतरायचा आणि हा प्रश्न यायचा. मग तो कागद ड्रॉइंगचा असो, सुट्टीच्या अर्जाचा असो, नाहीतर कॅन्टीनच्या मेन्यूचा.

कतारला, दोह्यातल्या आमच्या ऑफिसात काका डॉक्युमेंट कंट्रोलर होते. गॅस प्लँटच्या पाइपांची सगळी ड्रॉइंग्ज त्यांच्या ताब्यात. ड्रॉइंग बदललं की नवी रिव्हिजन निघते. आधी ए, मग बी, मग सी. आणि सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटची, पक्की, रिव्हिजन झिरो. चुकून जुनी साइटवर गेली तर पाइप भलत्याच भिंतीतून बाहेर येतो. तो येऊ नये म्हणून एक माणूस दिवसभर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून फरक शोधत बसतो. तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. आपण त्याला किचकट म्हणतो आणि अडलं की त्याच्याच टेबलापाशी जाऊन उभे राहतो.

अल मुंतझातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा काकूंनी किराण्याची यादी पुढे केली. काकांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बी. कोथिंबीर वाढवलीय."

संगीताशी मात्र काकांचं लांबचंही नातं नव्हतं. गणपतीच्या आरतीला त्यांच्या हातात झांज द्यायची नाही, तबक द्यायचं, असा आमच्या मंडळींचा अलिखित ठराव होता. सगळ्यांची टाळी वाजून गेली की त्यांची निवांत यायची.

अशा माणसाचं एका स्वीडिश पॉप अल्बमवर नाव आहे असं मी सांगते, तेव्हा कोणाला पटत नाही.

आमच्या प्रोजेक्टवर तीन स्वीडिश इंजिनिअर होते. उल्फ आणि नील्स शाळेपासूनचे मित्र, तिसरी एल्सा. तिकडे तिघांचे तीन वेगळे बँड होते. इथे कंत्राट संपेपर्यंत तिघांनी मिळून एक अल्बम करायचा, असं त्यांनी ठरवलं. एकदा पँट्रीत त्यांचं वाजलं. एल्सा म्हणत होती की 'फायनल' नावाची फाइल खरी, उल्फ म्हणत होता 'फायनल न्यू', आणि नील्सकडे 'फायनल फायनल टू' निघाली.

काका तिथे चहात साखर ढवळत होते. त्यांचा चमचा थांबला.

"अगं," ते मला हळूच म्हणाले, "ही माणसं असं जगतात?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊही गाण्यांना नंबर पडले. प्रत्येक गाण्याला रिव्हिजन, तारीख आणि कॉमेंटसाठी रकाना. तिघांना वाटलं गंमत आहे. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की गंमत नाही. कॉमेंट शीटवर सही केल्याशिवाय काका पुढची फाइल देत नाहीत.

दर शुक्रवारी सकाळी मी काकांना गाडीतून अबू हमूरला नील्सच्या व्हिलावर सोडायची आणि तिथेच बसायची. रेकॉर्डिंगला एसीचा आवाज चालत नाही, म्हणून एसी बंद. ऐन ऑगस्टात. उल्फ आणि नील्स लाल व्हायचे, एल्सा डोक्यावर ओला टॉवेल घ्यायची आणि काका कोपऱ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कानाला हेडफोन लावून, एकेका गाण्याच्या दोन रिव्हिजन ताडून बघायचे. सूर त्यांना कळत नव्हता. पण फरक! "सीमध्ये बाई श्वास घेतात, डीमध्ये घेत नाहीत." "ईमध्ये मागे कुत्रं आहे." एल्सा परत ऐकायची, तर खरंच कुत्रं असायचं.

सातव्या गाण्यावर सगळं अडलं. ते उल्फ आणि नील्सनी मिळून रचलं होतं. उल्फला ते जलद हवं होतं, नील्सला संथ. रिव्हिजन एपासून जेपर्यंत गेली. शेवटी दोघं बोलेनासे झाले. एकाने गुरुवारी येऊन आपला भाग गायचा, दुसऱ्याने शनिवारी, आणि एल्साने दोन्ही जोडायचे. तेवढ्यात उल्फचं कंत्राट संपल्याचं पत्र आलं. दोन आठवड्यांत तो जाणार होता. खलास, अल्बम राहू दे, म्हणाला.

त्या शुक्रवारी सामान आवरायला म्हणून सगळे जमले. काका रजिस्टर घेऊनच आले.

"सातव्या गाण्यावर एक कॉमेंट ओपन आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

"कोणाची?" नील्सने विचारलं.

"माझी."

आजवर त्यांनी स्वतःची कॉमेंट कधीच लिहिली नव्हती. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी वाचलं, "रिव्हिजन एमध्ये शेवटच्या कडव्यात तुम्ही दोघं हसता. बीपासून जेपर्यंत कोणी हसत नाही. हा बदल कोणी मंजूर केला?"



"ती चूक होती, काका," उल्फ म्हणाला. "नील्स शब्द विसरला होता."

"ती फाइल मी केव्हाच पुसून टाकली," नील्स म्हणाला.

"मी नाही पुसली. रद्द झालेलं फेकायचं नसतं, बाजूला ठेवायचं असतं." काकांनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती.

गाणं लागलं. दोघं एकाच माइकसमोर गात होते. शेवटच्या कडव्यात नील्स अडखळला, काहीतरी भलताच शब्द म्हणाला, आणि दोघांचं हसू फुटलं. हसतहसतच त्यांनी ते गाणं कसंबसं काठाला लावलं. मी उल्फकडे पाहिलं. तो खाली बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. नील्सने त्याला स्वीडिशमध्ये तोच भलता शब्द ऐकवला, आणि मग दोघंही इतके हसले की एल्सा रडायला लागली.

काका मात्र पेन उघडून उभे. "मग ए मंजूर? इथे सही."

तिघांनी सह्या केल्या. नील्सने उठून पहिल्यांदा एसी लावला.

अल्बम नेटवर आला, त्यात शेवटी श्रेयनामावली होती. ऑफिसात सगळे त्यांना 'काका' म्हणत, म्हणून तेच छापलं होतं: 'कागदपत्रं – काका'. स्वीडिश भाषेत 'काका' म्हणजे केक, हे एल्साने नंतर सांगितलं. म्हणजे स्वीडनमधला जो कोणी ती ओळ वाचेल, त्याला वाटेल या अल्बमची कागदपत्रं केकने सांभाळली. काकांनी त्यावर बराच विचार केला. "स्पेलिंग बरोबर आहे ना? मग असू दे."

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट संपला. काकांचं काम आता एक सॉफ्टवेअर करतं. ते कोणाला काही विचारत नाही. काकू आधीच नाशिकला गेल्या होत्या, म्हणून विमानतळावर काकांना सोडायला मीच गेले. बॅगा गेल्या, पासपोर्ट दोनदा तपासून झाला. आत जायच्या रांगेत ते शिरले आणि परत बाहेर आले.

"काय राहिलं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. एक विचारायचं होतं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते सातवं गाणं. मी दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. पण मला त्यातलं काही कळत नाही, तुला ठाऊक आहे. खरं सांग हं. चांगलं आहे का ते?"

"खूप चांगलं आहे, काका."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि लाजल्यासारखे हसत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.