तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरच्या मावशी

"बोटं तयार हायत रे, लाव गाणं," असं म्हणत मावशी पदराला हात पुसायच्या, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला स्वतःचा माउस काढायच्या आणि माझ्या दुकानातल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या. माउस घरून आणायचा नियम त्यांचाच. सकाळभर खारीच्या बाजारात मासे विकायचे आणि त्याच हातांनी दुसऱ्याच्या माउसला वास लावायचा, हे त्यांना पटत नसे.

केबिन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मागे पाच कॉम्प्युटर. मावशी पहिल्यांदा आल्या त्या कसला तरी फॉर्म भरायला. शेजारी कोणीतरी तालाचा गेम खेळत होतं. गाणं चालू असतं, पडद्यावर गोल उमटतात, आणि बरोबर ठेक्यावर त्या गोलावर माउस नेऊन क्लिक करायचं. मावशी बघतच राहिल्या. "मला लाव ते," म्हणाल्या. फॉर्म अजून अर्धवटच आहे.

सुरुवातीचे दिवस तुम्ही पाहायला हवे होते. माउस जिवंत असून निसटून जाईल, असा आवळून धरायच्या. पडद्यावरचा बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी बाणाचा वेग कमी केला आणि सांगितलं, "मावशी, पकड सैल. नुसतं मनगट नको, कोपरापासून अख्खा हात हलवा." हे समजवायला आठवडा जाईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हां, सुरमई साफ करते तसं. मनगटानं केलं तर दुपारपर्यंत हात मोडून येतो." महिन्याभरात त्यांनी मलाच हरवलं. ही गोष्ट मी दुकानात कोणाला सांगितली नाही.

अडचण एकच होती. मागे कोणी उभं राहिलं की त्यांचा खेळ बिघडायचा. भर बाजारात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर सुरी चालवणारी ही बाई, झेरॉक्सला आलेला एखादा माणूस वाकून बघू लागला की सोप्या गाण्यातही गोल चुकवायची. दीर्घ श्वास, मनात आकडे मोजणं, लिंबू सरबत, मी सगळे उपाय सुचवले. सरबत तेवढं त्यांनी मान्य केलं.

अशात आमच्याच रस्त्यावर पहिल्या मजल्यावर नवं गेमिंग पार्लर उघडलं आणि त्यांनी याच गेमची स्पर्धा जाहीर केली. बक्षीस काय, तर कंबरेला उशी असलेली लाल-काळी खुर्ची. मावशी पोस्टरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "आमच्या ह्याला पायजे," म्हणाल्या. नवऱ्याचा सगळा जन्म बोटीवर गेलेला. आता पालीला, कोळीवाड्यातल्या घरी, कंबर धरून. "ना बसवत, ना झोपवत. ही उशी लागली तर बसंल."

उपाय अखेर त्यांनाच सापडला. एकदा असाच एक माणूस मागे डोकावला, मावशी वैतागल्या आणि खेळता खेळताच बाजारातल्या आवाजात ओरडल्या, "ताजा हाय, डोळं बघ, डोळं!" त्या गाण्यात एकही गोल चुकला नाही. हात कामात असताना तोंड बंद ठेवायची त्यांना सवयच नव्हती, आणि मी शहाणा त्यांना गप्प बसवत होतो.

स्पर्धेच्या दिवशी मावशींनी आयोजकाला विचारलं, "बेटा, बोलेगी तो चलेगा?"

"चलेगा आंटी, बस माउस मत तोड़ना," तो हसत म्हणाला. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! हॉलभर पापलेट, बोंबील, हलवा यांचा पुकारा सुरू झाला. लोक टाळ्या वाजवत होते. मावशी अंतिम फेरीत पोचल्या. समोर मीरा रोडचा एक बँकेतला तरुण. अर्धं गाणं झालं आणि मावशी पुढे होत्या.

एवढ्यात त्यांचा आवाज ओळखून रस्त्यावरून एक बाई जिना चढून आली. "मावशी, मांदेली आहे का?"

मावशींनी माउस सोडला आणि वळल्या. "संपली गो ताई. उद्या ये, तुझ्यासाठी ठेवते."

परत वळेपर्यंत गेम गेला होता.

जिन्यात मी चिडलो. "अहो, दोन मिनिटं थांबवायचं ना तिला!"

"गिऱ्हाईक हाय ते. असं कसं थांबवू?" म्हणाल्या, आणि पायरीवर बसून पदर डोळ्यांना लावला. "ह्याला सांगून आले रे, घेऊन येते म्हणून." मला फार वाईट वाटलं. सरबत आणू का, असंही विचारवलं नाही.

त्यानंतर त्या दुकानात आल्याच नाहीत. तीन नंबर दुपारी रिकामा राहू लागला, आणि मला चक्क मासळीच्या वासाची आठवण येऊ लागली. शेवटी त्यांचा पार्लरमध्ये राहिलेला माउस घेऊन मी स्कूटरवरून पालीला गेलो. गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं.

मोबाइलवर गेममधलंच एक गाणं वाजत होतं. चटईवर मावशींचा नवरा पालथा झोपला होता, आणि मावशी शेजारी गुडघ्यांवर बसून ठेक्यावर दोन्ही अंगठ्यांनी त्याची कंबर रगडत होत्या. डॉक्टरांनी रोज दुपारी मालिश सांगितली होती.

"आता बसता येतंय ह्याला थोडं," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "तू उभा का? बस. पण तोंड भिंतीकडं कर बाबा. कोण बघायला लागलं की ह्याची कंबर आखडते."

मी माउस मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.