माईच्या तीन डिस्क

चहा आधी संपवा. नाहीतर मधेच ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. कारण आज सांगतोय तो माझा असा पराक्रम आहे, की त्यानंतर सांगलीच्या नातेवाइकांत मी नुसता 'तो काशीचा' म्हणून ओळखला जात नाही. 'तो काशीचा, तोच तो' म्हणून ओळखला जातो!

तर, आमची माई. माई म्हणजे माझी आई. माहेर सांगलीचं, पण लग्न होऊन दुर्गाघाटावर आली ती इथलीच झाली. जात्यावरच्या ओव्या घेऊन आली आणि इथली पावसाळ्यात गातात ती कजरी उचलली. दोन्हींचं मिळून जे काही झालं ते फक्त माईचं. गाणार कशावर? देवावर नाही, प्रियकरावर नाही. निंबावर, साळुंकीवर, गंगेतल्या कासवावर! नदीला ती 'बाई' म्हणते. "आज बाई जरा रागात आहेत हो," असं पुराच्या दिवसांत सगळ्या गल्लीला सांगत फिरते.

माई गायला बसली की नावाडी वल्ही थांबवतात. अतिशयोक्ती वाटते? बरं, एखादा नाही थांबवत. पण हळू तरी करतोच!

या माईच्या गाण्यांच्या तीन डिस्क निघाल्या. विश्वविद्यालयातले पांडेजी महिनोन्‌महिने कॅमेरा घेऊन तिच्या मागे फिरत होते. एक डिस्क झाडांची, एक नदीची, एक पाखरांची. मी म्हटलं, "पांडेजी, आजकल डीवीडी कौन देखता है?" तर म्हणाले, "मोबाइल का गाना तो अँगूठा लगते ही भाग जाता है, मास्टरसाहब. डिस्क घर में रहती है, घर के आदमी की तरह."

चित्रीकरण म्हणजे एक तमाशाच होता. मागे कोकीळ ओरडली की माई गाणं थांबवायची. का? तर "तिचं झाल्यावर माझं. ती आधीपासून गातेय." पांडेजींनी कपाळाला हात लावला. पण खरं सांगतो, ती पहिली डिस्क घरी लावली आणि आमच्या टीव्हीत माझी आई दिसली, निंबाखाली बसलेली, केसांत वाळकं पान अडकलेलं, तेव्हा माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं. माझी आई! टीव्हीत! आणि कसली गातेय!

माईनं मात्र पूर्ण डिस्क पाहिली आणि एवढंच विचारलं, "दत्तू येईल का रे?"

दत्तू म्हणजे माझा मामा. माईचा एकुलता एक भाऊ, सांगलीला असतो. कैक वर्षांपूर्वी माई पहिल्यांदा घाटावर, चार लोकांत गायली तेव्हा योगायोगानं मामा इथेच होता. "भल्या घरची बाई घाटावर बसून गाते? लाज कशी वाटत नाही?" असं म्हणाला आणि त्याच दिवशी गाडीत बसून गेला. मग पुन्हा आला नाही. दिवाळीला फोन करायचा, "बरी आहेस ना?" एवढं विचारून ठेवून द्यायचा. माईचं गाणं त्यानं त्यानंतर कधी ऐकलं नाही. माई बोलायची नाही, पण तिला सारखी तीच एक बोचणी होती.

मी ठरवलं, मामाला आणायचंच! असं निमंत्रण लिहायचं, की दगडालाही पाझर फुटावा.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मी शाळेत संस्कृत शिकवतो. माझा जन्म इथला, शाळा इथली. मराठी आमची फक्त घरात, तीही अर्धी हिंदीच्या मांडीवर बसलेली. पण मला माझ्या मराठीचा भारी अभिमान! बायको, वैशाली, नाशिकची. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाठवण्याआधी मला एकदा दाखवा हं."

"मराठी लिहायला मला आता बायको लागणार का?" मी म्हटलं आणि 'सांगली परिवार' या ग्रुपवर पाठवूनही दिलं. काय लिहिलं होतं? ऐका. शब्दन्‌शब्द पाठ आहे, कारण नंतर तो मला फार लोकांनी ऐकवला:

'कळवण्यात अत्यंत आनंद होतो की आमच्या माईच्या प्रकृतीच्या तीन डिस्क निघाल्या आहेत. जन्मभर तिने प्रकृतीपायी जे सोसले, त्याचे फळ आता मिळाले. येत्या रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर माईचे विमोचन आहे. सर्वांनी येण्याची चेष्टा करावी. कोणाला आपत्ती असल्यास आधी कळवावे.'

हसताय? हसा! मला त्यात काडीची चूक दिसली नव्हती. प्रकृति म्हणजे झाडं, नदी, पाखरं. संस्कृतात तेच, हिंदीत तेच. मराठीत तेवढी ती आजारी पडते, हे मला कोण सांगणार? विमोचन म्हणजे प्रकाशन, चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपत्ती म्हणजे हरकत. इथे पानवाल्यालाही कळतं!

सांगलीला काय कळलं? माईची तब्येत ढासळली, पाठीच्या तीन मणक्यांच्या चकत्या सरकल्या, आणि काशीत ती बिचारी सुटली.

लगेच उत्तरं यायला लागली. 'विश्वासच बसत नाही!' मी खूश. 'माईंसारखं माणूस पुन्हा होणे नाही.' अगदी बरोबर! 'त्यांच्या आठवणी कायम राहतील.' हे मी माईला मोठ्यानं वाचून दाखवलं, तर ती सुपारी कातरत म्हणाली, "राहतीलच. डिस्कमधेच आहेत ना."

आणि मग फोन आला. दत्तूमामाचा! दिवाळी नसताना!

"वाचलं रे," मामा म्हणाला. "सगळं... नीट झालं का?"

"एकदम फर्स्ट क्लास, मामा! सुरुवात नावेत केली, गंगेच्या मधोमध. माईची इच्छाच होती तशी."

"नावेत? आणि घाटावर कसं नेलं?"

"चौघांनी उचलून!" आता पंचगंगेच्या पायऱ्या किती उभ्या आहेत, माईचे गुडघे कसे आहेत! खुर्चीत बसवून नेली होती तिला, पांडेजींच्या माणसांनी.

"तिला त्रास झाला का फार?"

"तिला कसला? त्रास आम्हाला! दोनदा नीट पेटलंच नाही." मी दिव्यांबद्दल बोलत होतो हो! शूटिंगच्या दिव्यांबद्दल! "वारा होता ना. तिसऱ्यांदा मात्र असा उजेड पडला मामा, काय तेज होतं माईच्या चेहऱ्यावर!"

पलीकडून हुंदका आला. मला वाटलं, अभिमानाचा आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"येतो मी रविवारी," मामा म्हणाला. "जिवंतपणी परत कधी आलो नाही, आता तरी येतो." मला ते वाक्य थोडं विचित्र वाटलं. पण म्हटलं, सांगलीची बोली असेल.

तिकडे मामीनं सगळ्यांची समजूत घातली होती म्हणे, "विमोचन म्हणजे काशीकडे दहाव्याला म्हणत असतील." आणि आनंद का होतो? "अहो, काशीत मरण आलं तर आनंदच की!"

रविवार उजाडला. घाटाच्या वरच्या अंगाला, गल्ली जिथे संपते तिथे माईचा मोठा फोटो लावला होता. पांडेजींनी हौसेनं त्याला झेंडूचा हार घातलेला, खाली उद्‌घाटनाची समई. मी पेढ्यांचं ताट घेऊन स्वागताला उभा होतो.

आणि मामा आला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, दाढी वाढलेली, हातात तुळशीची जुडी. मागे मामी, पदर डोळ्यांना. मला वाटलं, काय हा साधेपणा!

मामानं तो हार घातलेला फोटो पाहिला आणि भर रस्त्यात लोटांगण घातलं. "अक्के, चुकलो गं मी!" म्हणून ढसाढसा रडायला लागला.

मी गहिवरलो. एका कलावंताचा एवढा सन्मान! पुढे झालो आणि म्हटलं, "मामा, उठा. पेढा घ्या!"

मामानं वर पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. आणि मी? मी आणखी एक पेढा पुढे केला. "दोन घ्या. शुद्ध खव्याचे आहेत."

मामाचा हात उठलाच होता, एवढ्यात खालून, पिंपळापासून, एक खणखणीत आवाज आला.

"ए भइया! पेड़ पर बत्ती मत बाँधो! चिरई कहाँ जाई? उतारो, अभी के अभी उतारो!"

मामीच्या हातातली पिशवी पडली. मामा तसाच गुडघ्यांवर. माई काठी टेकत दोन पायऱ्या वर आली, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "कोण रे? दत्तू? असा का बसलायस? पाय मुरगळला का?"

पुढची पाच मिनिटं कोण काय बोलत होतं ते कुणालाच कळलं नाही. मामी माईला चिमटे काढून बघत होती. मामानं मोबाइल काढून सर्वांसमोर माझं निमंत्रण वाचलं, आणि वैशाली एकेक शब्दाचा अर्थ मला समजावत गेली. प्रत्येक शब्दाला मी एकेक पायरी खाली सरकत होतो. 'विमोचन'पर्यंत गंगेला लागलो असतो.

माई आधी पोट धरून हसली. मग हसू ओसरलं तशी हळूच म्हणाली, "म्हणजे दत्तू, मी मेल्यावरच येणार होतास होय रे?"

मामा उठला. तुळशीची जुडी तिच्या हातात दिली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

माईनं आधी निंबाचं गाणं म्हणायचं ठरलं होतं. पण तिनं ते सोडलं आणि ओवी धरली:

'कृष्णेच्या काठी माझ्या जांभळीची गं सावली,
भाऊ चढे शेंड्यावरी, बहिणीनं ओटी पसरली.'

सांगलीच्या नदीकाठची ती जांभळी. लहानपणी मामा तिच्यावर चढायचा आणि माई खाली ओटी पसरून उभी राहायची. इथे घाटावर ती ओवी हजार वेळा गायली गेली होती, फक्त जो चढला होता त्यानं ती कधी ऐकली नव्हती. मामानं उपरणं तोंडाला लावलं ते शेवटपर्यंत काढलं नाही. मीही रडलो. लाज कसली सांगायची? माझ्या आईनं रुसलेला भाऊ एका ओवीत परत आणला. डिस्क वगैरे सगळं ठीक, पण मला तिचा खरा अभिमान वाटला तो त्या क्षणी.

कार्यक्रम संपला. मामानं तिन्ही डिस्क विकत घेतल्या, वर म्हणाला, "घरी यंत्र नाही, पण आता घेतो." माईचा हात त्यानं हातात धरून ठेवला होता. मग एकदम माझ्याकडे वळला आणि डोळे वटारून म्हणाला,

"अक्के, बाकी सगळं माफ. पण तुझ्या या पोराला चांगली शिक्षा झालीच पाहिजे!"

मी ताठ उभा राहिलो आणि छाती काढून म्हटलं,

"झाली आहे ना मामा! एम.ए.पर्यंत!"