कुमुदचं मातीचं जेल

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार. कुमुद गेली त्या दिवशी तिच्या धरमपेठेतल्या घरी हजर: तिचे यजमान मनोहरराव, भिवापूरहून आलेली तिची धाकटी बहीण, आमचे विभागप्रमुख सर आणि मी. तिला कावीळ झाल्याचं कळून पंधरवडाही झाला नव्हता. तिथे पोचताच मी चहा, निरोप, बाहेरगावच्या तारा असं सगळं हाती घेतलं. मला तेच जमतं. सर मनोहररावांना सांगत होते, "असे हात प्रयोगशाळेला पुन्हा मिळायचे नाहीत." मी कपात चहा ओतत होते. माझेही हात त्याच प्रयोगशाळेत होते...

आमची टेबलं शेजारी आणि विषय एकच: संत्र्याच्या झाडाच्या मुळाशी घालता येईल असं, भरपूर पाणी धरून ठेवणारं जेल. पाणी ते धरायचं, पण बोटाने दाबलं की भुगा. बळकटी यावी म्हणून त्यात चिकणमाती मिसळून पाहायची होती. आणि मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी कुमुदपेक्षा मजबूत जेल माझ्या हातून व्हावं.

माझं टेबल पुसलेलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या, मोजमाप चोख. तिच्या टेबलावर संत्र्याची सालं. मी माती थेट मिश्रणात टाकून जोरात ढवळायचे; गुठळ्या राहायच्या आणि जेल नेमकं तिथेच फाटायचं. कुमुद नुसत्या पाण्यात माती भिजत घालायची आणि खुशाल घरी जायची. पुढचे काही दिवस येता-जाता ढवळायची. मातीचे पापुद्रे सुटून पाणी जवळपास नितळ झालं, की मगच बाकीची रसायनं.

"काहून वं एवढी घाई करून राहिली? मातीले आधी पाणी पिऊ दे."

"तुझी माती पाणी पिईपर्यंत मी निवृत्त होईन."

"मंग तर तुवं टेबल मलेच भेटन."

एकदा तिने तिच्या जेलच्या पट्टीला चक्क गाठ मारली. पट्टी तुटली नाही. सगळा विभाग बघायला जमला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "सुशीलाबाई, तुमचं जेल बाकी दिसायला छान असतं." कुमुद हसली नाही, याचाही मला रागच आला. पुढे मीही माती भिजवू लागले. माझी पट्टी चिवट झाली, पण सगळे तिला 'कुमुदच्या पद्धतीची' म्हणू लागले.

ती गेल्यावर तिचा अर्धवट शोधनिबंध सरांनी माझ्याकडे दिला. एकच मोजणी राहिली आहे. तिच्या शेवटच्या खेपेतली पट्टी टांगून, ती तुटेपर्यंत खालच्या पारड्यात वजनं वाढवत न्यायची. मागच्या आठवड्यात मी ती टांगली. माझी सर्वांत चांगली पट्टी ज्या वजनाला तुटली होती, तिथपर्यंत आले. कुमुदची नुसती लांबली. पुढचं वजन चिमट्यात धरून मी उभी राहिले... मग ते पेटीत ठेवलं, पारडं रिकामं केलं आणि पट्टी पुन्हा पाण्यात सोडली. सरांनी काल विचारलं. करते, असं मी म्हणाले.

अजून आमची बरोबरी आहे. पुढचं वजन टाकायचं राहिलं आहे.